बालक्षयाचा माग काढणारे पिर्के

मोठ्या माणसाचा क्षय बेडक्यात सापडतो. लहान मूल मात्र बेडका थुंकत नाही, गिळून टाकते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचे जंतू शोधून काढल्यानंतरही बालरुग्णांच्या बाबतीत ही अडचण तशीच राहिली. रेंगाळणारा ताप, खुंटलेले वजन, मानेतल्या गाठी ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात. क्षयाला ज्या शहराचेच नाव मिळाले होते, त्या व्हिएन्नात मुलांच्या शवविच्छेदनात क्षयाच्या खुणा वारंवार आढळत. मूल जिवंत असताना त्या ओळखण्याचा सोपा मार्ग क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दाखविला.

पिर्के यांचा जन्म १८७४ साली व्हिएन्नाजवळ एका सरदार घराण्यात झाला. इन्सब्रुकला ईश्वरशास्त्र आणि लूव्हां येथे तत्त्वज्ञान शिकून ते वैद्यकाकडे वळले व १९०० साली ग्राट्झची पदवी घेऊन व्हिएन्नाच्या सेंट ॲना बालरुग्णालयात आले. देवीची लस दुसऱ्यांदा टोचली असता फोड पहिल्या खेपेपेक्षा लवकर उठतो, याचे त्यांना कुतूहल वाटे. एकदा ज्याची गाठ पडली त्या पदार्थाला शरीर पुढे निराळा प्रतिसाद देते, हा विचार त्यातून निघाला. १९०६ साली त्यांनी त्याला 'ॲलर्जी' असे नाव दिले. आज हा शब्द नावडत्या माणसांबद्दलही सर्रास वापरला जातो, तो भाग वेगळा.

कॉख यांचे ट्यूबरक्युलिन १८९० साली क्षयावरील औषध म्हणून गाजले आणि सपशेल फसले होते. हे टाकाऊ ठरलेले द्रव्य पिर्के यांनी १९०७ साली निदानासाठी उचलले. मुलाच्या हातावर त्याचे दोन थेंब ठेवून खालची त्वचा किंचित खरवडायची, आणि तुलनेसाठी आणखी एक ओरखडा थेंबाविना काढायचा. एकदोन दिवसांत थेंबाच्या जागी लालसर उंचवटा आला, तर शरीराची क्षयजंतूंशी पूर्वी गाठ पडली आहे असे समजायचे.

या साध्या ओरखड्याने जे उघड केले ते धक्कादायक होते. मोठ्या वयाच्या बहुसंख्य शहरी मुलांत, वरवर धडधाकट दिसणाऱ्यांतही, तो उंचवटा उठे. म्हणजे संसर्ग झालेली सारीच मुले रोगी नव्हती. अनेकांत क्षय सुप्त होता. पिर्के यांचा मोठेपणा असा की, आपल्या शोधाच्या मर्यादा त्यांनी स्वतःच दाखविल्या. तान्ह्या मुलात उंचवटा आला तर तो गंभीर मानावा, मोठ्या मुलात त्यावरून रोगाचा निवाडा करू नये. गोवराच्या काळात तर संसर्ग असूनही ही प्रतिक्रिया काही दिवस नाहीशी होते, हेही त्यांनी नोंदविले. अखेरच्या अवस्थेतील क्षयातही ती उमटेनाशी होते. मूल जितके अधिक खचलेले, तितकी चाचणी निरुत्तर होण्याचा धोका अधिक, ही गोष्ट आजच्या डॉक्टरलाही ध्यानात ठेवावी लागते.

निदान झाले, पण उपचार? त्या काळी विश्रांती, मोकळी हवा, ऊन आणि पोषण याखेरीज हाती काही नव्हते. बाल्टिमोर व ब्रेस्लाऊ येथे अध्यापन करून १९११ साली पिर्के व्हिएन्नाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि त्यांनी अन्नाचाच हिशेब मांडला. एक ग्रॅम दुधाचे पोषणमूल्य हे एकक धरून त्याला 'नेम' म्हटले व प्रत्येक अन्नपदार्थ या मापाने मोजला. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीच्या ऑस्ट्रियात अमेरिकेची मदत आली, तेव्हा १९१९ पासून लाखो मुलांच्या जेवणाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. अन्न तुटपुंजे, मुले असंख्य. मग आधी कोणाला द्यायचे? पिर्के यांनी वजन आणि बसलेली उंची यांवरून कुपोषण ठरविण्याचे सूत्र केले. सूत्राच्या एका बाजूला राहिलेल्या मुलाला जेवण मिळे, दुसऱ्या बाजूच्याला कदाचित नाही. मुलांची भूक घनमूळ काढून मोजणे क्रूर वाटते खरे. पण वशिल्याने आणि ओळखीने वाटण्यापेक्षा ते पुष्कळ न्याय्य होते. पुढे हे सूत्र व 'नेम' दोन्ही मागे पडले.

पिर्के यांच्या ओरखड्याची जागा शार्ल मांटू यांच्या १९०८ सालच्या, त्वचेत सुईने ट्यूबरक्युलिन टोचण्याच्या पद्धतीने घेतली. भारतातही मुलांच्या हातावर होणारी चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. फेब्रुवारी १९२९ मध्ये पिर्के व त्यांच्या पत्नीने एकाच वेळी जीवन संपविले. क्षयजंतूंवर खरोखर चालणारे स्ट्रेप्टोमायसीन हाती येण्यास तेव्हा आणखी चौदा वर्षे होती.