चौसष्ट हजार कॉम्प्युटर्सचा माणूस

थ्रीडी अ‍ॅनिमेशन करणाऱ्या कोणालाही विचारा, सगळ्यात जीव खाणारं काम कोणतं? उत्तर एकच येईल, रेंडरिंग! साधा हिशेब बघा. सेकंदाला २५ फ्रेम्स, म्हणजे १ मिनिटाच्या फिल्मला १५०० फ्रेम्स. एका फ्रेमला २ मिनिटं लागली तर ३००० मिनिटं, म्हणजे तब्बल ५० तास. त्यावर उपाय म्हणजे नेटवर्क रेंडरिंग. लॅबमधली १० मशीन्स जोडायची, प्रत्येकाला वेगवेगळ्या फ्रेम्स द्यायच्या, की काम साधारण ५ तासांत हातावेगळं. १९९५ सालचा 'टॉय स्टोरी' असाच ११७ कॉम्प्युटर्सवर रेंडर झाला होता.

ही आयडिया कॉम्प्युटरच्या जमान्यातली वाटते ना? पॅरलल प्रोसेसिंगवर वाचत असताना मला एक माणूस सापडला, आणि माझा हा समज पार धुऊन निघाला. त्याचं नाव लुईस फ्राय रिचर्डसन. हवामानशास्त्रात हे नाव फार मोठं आहे, पण आमच्या ब्रँचमध्ये कोणी घेताना मी ऐकलं नव्हतं.

रिचर्डसनचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ चा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा. घराणं क्वेकर पंथाचं. काहीही झालं तरी शस्त्र हातात घ्यायचं नाही, ही या पंथाची शिकवण. केंब्रिजमधून शिकून बाहेर पडल्यावर त्याने निरनिराळ्या नोकऱ्या केल्या. १९१० च्या सुमारास तो दगडी धरणातल्या ताणांचं गणित करत होता. समीकरणं सरळ सुटेनात, तेव्हा त्याने धरणाच्या आकृतीवर चौकोनांची जाळी आखली आणि प्रत्येक बिंदूचं उत्तर बेरजा-वजाबाक्यांनी काढायला घेतलं. या कामाला त्याने चक्क मुलं लावली! पैसे आकडेमोडीच्या हिशेबाने, आणि चुकलेल्या गणिताचे पैसे नाहीत. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द मशीनसाठी नव्हताच. जो माणूस आकडेमोड करतो तो कॉम्प्युटर.

१९१३ मध्ये तो ब्रिटिश हवामान खात्यात लागला आणि स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूर वेधशाळेचा प्रमुख झाला. हीच जाळीची युक्ती हवामानाला लावता येईल का, हे त्याच्या डोक्यात घोळत होतं. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. त्याने बंदूक धरायला नकार दिला, पण घरात बसूनही राहिला नाही. १९१६ मध्ये नोकरी सोडून तो क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात गेला आणि फ्रान्समध्ये जखमी सैनिकांची ने-आण करू लागला.

आणि तिथे, आघाडीमागच्या थंडगार मुक्कामात, गवताच्या ढिगाऱ्याचं टेबल करून या माणसाने जगातलं पहिलं गणिती हवामान भाकीत हातांनी सोडवलं! दिवस निवडला २० मे १९१०, कारण त्या दिवसाची भरपूर निरीक्षणं छापलेली होती. युरोपच्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. एका चौकोनात हवेचा दाब, शेजारच्यात वाऱ्याचं गणित. फक्त ६ तासांतला बदल काढायला त्याचे जवळजवळ ६ आठवडे गेले. १९१७ च्या धुमश्चक्रीत हस्तलिखितच हरवलं. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं.

उत्तर काय आलं? म्युनिकजवळ दाब ६ तासांत १४५ मिलिबारने वाढणार! प्रत्यक्षात तिथला दाब जवळपास जागचा हलला नव्हता. इतका प्रचंड फरक की कोणीही म्हणावं, गुंडाळा हे सगळं.

रिचर्डसनने नेमकं उलट केलं. १९२२ मध्ये केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने त्याचं पुस्तक काढलं, त्यात हे चुकीचं उत्तर सगळ्या तक्त्यांसकट, एकेका पायरीसकट छापलेलं आहे. शिवाय चूक सुरुवातीच्या वाऱ्यांच्या आकड्यांत असावी, हेही त्याने लिहून ठेवलं.

त्याच पुस्तकात ते स्वप्न आहे, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. एक अवाढव्य गोल नाट्यगृह. आतून भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, छताकडे उत्तर ध्रुव, तळाला अंटार्क्टिका. सज्जांमध्ये ६४,००० माणसं बसलेली, प्रत्येकाकडे आपापल्या तुकड्याचं एखादं समीकरण. शेजाऱ्यांना वाचता यावेत म्हणून आकडे दिव्यांच्या पाट्यांवर झळकतात. मधोमध उंच खांबावर एक जण, ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरसारखा. जो भाग पुढे पळतोय त्याच्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागे पडलाय त्याच्यावर निळा. तयार आकडे कारकून गोळा करून पुढे पाठवतात. इतकी माणसं कशाला? तर आकडेमोडीने निदान हवामानाच्या वेगाने तरी चालावं म्हणून.

आता नेटवर्क रेंडरिंगचं सेटअप आठवा. एक मॅनेजर मशीन, बाकीची कामगार मशीन्स. मॅनेजर फ्रेमचा नंबर देतो. मशीनने ती फ्रेम संपवली की पुढचा नंबर, म्हणजे वेगवान मशीन आपोआप जास्त काम उचलतं. एखादं हँग झालं तर त्याची फ्रेम दुसऱ्याला जाते. तयार फ्रेम्स एका शेअर्ड फोल्डरमध्ये जमतात. म्हणून तर आउटपुट व्हिडिओ फाइलमध्ये नाही, सुट्या इमेजेसमध्ये घ्यायचं, एखादी फ्रेम बिघडली तर तेवढीच परत करता येते. कंडक्टर, कारकून, सगळी मंडळी हजर!

एक फरक मात्र मोठा आहे. आपली फ्रेम क्रमांक ७०० ही ६९९ साठी सहसा थांबत नाही. रिचर्डसनच्या चौकोनाला मात्र प्रत्येक पायरीला शेजाऱ्याचा आकडा लागतो. एक जण रेंगाळला की सगळे खोळंबतात. म्हणजे त्याने आपल्यापेक्षा अवघड प्रश्न घेतला होता, आणि तोही मशीनशिवाय.

पुढे १९२० मध्ये हवामान खातं हवाई मंत्रालयाखाली, म्हणजे लष्कराच्या जवळ गेलं. रिचर्डसनने दुसऱ्यांदा राजीनामा दिला. ज्या विषयात आयुष्य घातलं, त्याच विषयातली नोकरी तत्त्वासाठी दोनदा सोडायची, हे लिहायला सोपं आहे! मग तो शिकवत राहिला. १९२६ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला, १९२९ मध्ये पेझली इथल्या टेक्निकल कॉलेजचा प्रिन्सिपॉल. उरलेला वेळ त्याने युद्धं का होतात याचं गणित मांडण्यात घालवला. देशांच्या सीमा मोजताना त्याला दिसलं, की पट्टी जितकी लहान तितकी किनाऱ्याची लांबी जास्त भरते. १९६७ मध्ये मँडेलब्रॉटने हेच निरीक्षण उचललं, आणि पुढे फ्रॅक्टल भूमिती आली. आज आपण जे डोंगर थ्रीडीत रेंडर करतो, त्यांच्या मुळाशीही हाच माणूस!

१९५० मध्ये अमेरिकेत एनिअ‍ॅक या कॉम्प्युटरवर चार्नी, फॉन नॉयमन आणि सहकाऱ्यांनी हवामानाचं भाकीत केलं. २४ तासांच्या भाकिताला साधारण २४ तासच लागले, पण आकडे पटण्यासारखे आले. चार्नीने ते रिचर्डसनला कळवले. ३० सप्टेंबर १९५३ ला तो गेला, पण आपली कल्पना खरी ठरताना बघून गेला. नंतर पीटर लिंच या हवामानशास्त्रज्ञाने ते जुनं गणित कॉम्प्युटरवर पुन्हा केलं. पद्धत ठीक होती. सुरुवातीचे दाबाचे आणि वाऱ्याचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. ते जुळवून घेतल्यावर उत्तर शहाण्यासारखं आलं.

मित्रांनो, मला यातून दोन गोष्टी मिळाल्या. पहिली रेंडरिंगची. इनपुट चुकीचं असेल तर १० मशीन्स तीच चूक १० पट वेगाने करतात. टेक्स्चरचा पाथ सगळ्या मशीन्सवर सारखा आहे का, सॉफ्टवेअरचं व्हर्जन एकच आहे का, हे आधी बघा. प्रत्येक मशीनवर एक टेस्ट फ्रेम काढा, मगच रात्रभराचं काम लावा.

दुसरी गोष्ट जरा मोठी. रिचर्डसनने ते १४५ मिलिबार लपवले असते, तर चूक नेमकी कुठे होती हे शोधायला लिंचच्या हातात काहीच नसतं. बरोबर उत्तर कोणीही छापेल हो. चुकलेलं उत्तर सगळ्या आकडेमोडीसकट, स्वतःच्या नावाने छापायला छाती लागते. बंदूक नाकारणाऱ्या या माणसाकडे ती होती.