श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर

घराण्याची वंशावळ शोधायची तर लोक त्र्यंबकेश्वरास किंवा नाशकास जाऊन तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडतात. गेल्या शतकापूर्वीच्या एका पुरुषाचं घराणं मात्र आळंदी-पंढरीच्या वाटेवर चालताना दिसतं. ते घराणं हैबतबाबांचं.

कूळ पवारांचं, गाव साताऱ्याजवळचं आरफळ. त्या गावावरूनच आरफळकर हे नाव पडलं. हैबतरावांनी ग्वाल्हेरीस शिंदे सरकारच्या पदरी सरदारी केली. परंपरा अशी सांगते की, मिळकत घेऊन घराकडे परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटून गुहेत कोंडलं. बाबांनी तिथं हरिपाठ मांडला. पुढं नायकाच्या घरी पुत्र झाला, त्या आनंदात त्यानं बाबांची सुटका केली. हा माउलींनी दिलेला दुसरा जन्म, असं मानून बाबा आळंदीस आले ते कायमचेच.

तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी 1685 साली पालखीची प्रथा घातली होती. त्या पालखीत तुकोबांच्या आणि माउलींच्या पादुका एकत्र जात. बाबांनी 1832 च्या सुमारास माउलींचा सोहळा स्वतंत्र केला. इथं सरदारकीतली शिस्त कामी आली. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून घोडे आले, वासकरांसारखे फडकरी दिंड्या घेऊन आले. कोणी कुठं चालायचं, कोणते अभंग कधी म्हणायचे, हे सारं बाबांनी लावून दिलं. लष्कराची शिस्त, पण हातात टाळ!

1836 साली बाबांनी देह ठेवला. नामदेवरायांनी पंढरीस महाद्वाराची पायरी पत्करली, तशीच जागा बाबांना आळंदीस लाभली. संतांच्या पायांची धूळ लागावी, याहून दुसरं मागणं नव्हतं. आजही कार्तिकीचा सोहळा या पायरीच्या पूजेनंच सुरू होतो.

आरफळकरांना सोहळ्याचे मालक म्हणतात. पण या मालकीत जमीनजुमला तो काय? पिढ्यान्‌पिढ्या पादुकांबरोबर पायी चालायचं, हेच वतन! वाडवडिलांनी काय ठेवलं, असं आपण सहज विचारतो. त्यांनी लावून दिलेली सेवा आपल्या घरात चालू आहे का, हेही विचारलं पाहिजे. ती चालू असेल तर वंश चालू आहे. नाहीतर वहीत नावं तेवढी उरतात.

आळंदीस गेलात की महाद्वारात क्षणभर थांबा. ज्या पायरीवर माथा टेकाल, ती एका सरदाराची आहे.