सानेगुरुजींचे छात्रालय

पलसाण्याच्या उत्तरेस चलथाणचे रेल्वे स्थानक आहे. तेथून पूर्वेस निघालेली गाडी बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार ही गावे मागे टाकीत अमळनेरास पोहोचते. या भागातील कित्येक मराठी कुटुंबांचे मूळ गाव याच वाटेवर आहे. परंतु अमळनेरास ज्या शिक्षकाचे स्मरण व्हावे, त्याच्याविषयी आमच्या विद्यार्थ्यांना ‘श्यामची आई’ या पुस्तकापलीकडे क्वचितच काही ठाऊक असते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. मूल हळवे, आणि पाण्याला भिणारे. पोहावयास जावे लागू नये म्हणून लपून बसलेल्या या मुलाला आईने मारून विहिरीवर पिटाळले, ही हकीकत त्यांनीच पुढे लिहून ठेविली आहे. एवढ्या मायाळू आईने हात का उगारला, हे ज्याला उमगले नाही त्याला ते पुस्तक उमगले नाही, असे आम्हांस वाटते.

दापोली, औंध, पुणे असे करीत, दारिद्र्याशी झगडत त्यांनी शिक्षण पुरे केले व १९२४ साली अमळनेरच्या हायस्कुलात ते शिक्षक झाले. पुढे छात्रालयाची व्यवस्था त्यांजकडे आली. खानदेशातील खेड्यापाड्यांतून आलेली ती मुले. घर प्रथमच सोडलेले. खोल्यांत कपडे विखुरलेले, अंथरुणे तशीच पडलेली. गुरुजी रागावले नाहीत, त्यांनी नियमांचा फलकही लाविला नाही. मुले बाहेर गेली की ते स्वतः खोली झाडीत, कपड्यांच्या घड्या घालीत, कंदिलाच्या काचा पुशीत. मुले परतून पाहत, ओशाळत. आणि हळूहळू केरसुणी त्यांच्याच हाती आली. आजाऱ्याच्या उशाशी गुरुजी रात्र जागवीत. एवढे करून पहाटे उठून ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. त्यात जगाच्या वार्ता असत, तशाच खोलीतल्या उणिवाही. केर काढणे, शुश्रूषा करणे, चार अनोळखी मुलांत गुण्यागोविंदाने राहणे, हे विषय कोणत्याही वेळापत्रकात नव्हते.

१९३० साली त्यांनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरून घेतली. नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. त्रिचनापल्लीच्या कारावासात दक्षिणेकडील सोबत्यांबरोबर राहिल्याने परप्रांतांच्या भाषा शिकण्याची ओढ त्यांना लागली. गुजरातेत मराठी शिकणाऱ्या मुलांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

राष्ट्र सेवा दल गुरुजींनी स्थापिले, असे पुष्कळ जण समजतात. ते तसे नव्हे. ४ जून १९४१ रोजी पुण्यास दलाची नवी उभारणी झाली तेव्हा दलप्रमुख झाले एस. एम. जोशी. परंतु छात्रालयात जे चालले होते तेच दलाच्या शाखांतून मोठ्या प्रमाणावर चालू झाले, आणि गुरुजी त्या मुलामुलींचे जिवलग बनले. सायंकाळी मैदानावर जमावे, खेळावे, गाणी म्हणावी, शिबिरात एका पंक्तीस जेवावे. जात विचारू नये. मुलगा अशा पथकात गेला तर अभ्यास बुडेल, ही पालकांची तक्रार आम्ही नेहमी ऐकतो, आणि ती अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. तास जातो खराच. पण चारचौघांत उभे राहून बोलताना ज्याचे पाय लटपटतात, त्याला तो तास आम्ही तरी वर्गात देऊ शकलेलो नाही.

त्या तासाचे मोल १९४७ साली दिसून आले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, तेव्हा सेवा दलाच्या कलापथकातील तरुण गावोगाव गाणी म्हणत, लोकांच्या विरोधास तोंड देत त्यांच्यासोबत होते. १ मे रोजी गुरुजींनी उपोषण आरंभिले; सुमारे दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. पाण्याला भिणारा तो मुलगा आणि हा उपोषणकर्ता एकच, हे मनात आणले म्हणजे त्यांना नुसते रडवे म्हणणाऱ्यांचे नवल वाटते.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांचे देहावसान झाले. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर येथे त्यांचे राष्ट्रीय स्मारक आहे. तेथे मुलांची व तरुणांची शिबिरे भरतात.