गावोगावच्या वाचनालयांचे पाठीराखे : प्राचार्य आसफ फैजी



आपल्या तालुक्याच्या गावी एखादे सार्वजनिक वाचनालय असेलच. दोन खोल्या, चार-सहा कपाटे, लांब टेबलावर पसरलेली वर्तमानपत्रे आणि कोपऱ्यात देवघेवीची नोंदवही पुढे घेऊन बसलेले ग्रंथपाल. या वाचनालयास दरवर्षी सरकारी अनुदान मिळते हे आपणांस कदाचित ठाऊक असेल. परंतु गावच्या अशा लहान वाचनालयाच्या पाठीशी सरकारने उभे राहावे, याची पद्धतशीर योजना मुंबई प्रांतात प्रथम ज्या समितीने आखली, तिचे अध्यक्ष आपल्याच समाजातील एक थोर विद्वान होते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. ते होते प्राचार्य आसफ अली असगर फैजी. त्यांच्या जीवनाची ओळख आपणांस करून द्यावी म्हणून हा लेख.

फैजीसाहेबांचा जन्म १८९९ साली माथेरान येथे झाला. घराणे सुलेमानी बोहरा पंथाचे, आणि मुंबईच्या सुप्रसिद्ध तय्यबजी घराण्याशी नात्याने जोडलेले. अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था उभी करणारे न्यायमूर्ती बदरुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला विद्येची गोडी लागली यात नवल नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिक्षण घेऊन ते इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी अरबी व फारसीचा अभ्यास केला. बॅरिस्टर होऊन परतल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली आणि १९३८ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्या आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या पदावर होते, एवढे सांगितले म्हणजे त्या खुर्चीचा मान आपल्या ध्यानात येईल. १९४७ पर्यंत ते त्या पदावर होते.

वाचकहो, येथे त्यांच्या जीवनातील एका विशेष गोष्टीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. फैजीसाहेबांचा संशोधनाचा विषय म्हणजे फातिमी काळातील इस्माइली कायदा व वाङ्मय. या विषयाच्या हस्तलिखित पोथ्या शतकानुशतके पंथाच्या धर्मगुरूंकडे व काही मोजक्या घराण्यांकडे जपून ठेवलेल्या होत्या. छळाच्या काळात त्या वाचल्या, त्या या जपणुकीमुळेच. पण त्याच कारणाने बाहेरच्या अभ्यासकाला त्यांचे दर्शन दुर्लभ झाले होते. फैजीसाहेबांनी या पोथ्या मिळवल्या, अभ्यासल्या आणि प्रकाशात आणल्या. १९३३ साली मुंबईत स्थापन झालेल्या इस्लामिक रिसर्च असोसिएशनच्या संस्थापकांत ते होते. काजी नोमान यांचा ‘दआइमुल इस्लाम’ हा दहाव्या शतकातील कायद्याचा महान ग्रंथ त्यांनी संपादित केला आणि १९५१ पासून तो कैरोहून छापून प्रसिद्ध झाला. पुढे आपला हस्तलिखितांचा संग्रह त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयास देऊन टाकला. १९६५ साली विद्यापीठाने त्या संग्रहाची वर्णनात्मक सूची छापली, आणि जगभरच्या अभ्यासकांना तो खुला झाला. कुलूपबंद पेटीतील ग्रंथ बाहेर येऊन वाचकाच्या हाती पडला पाहिजे, ही त्यांची आयुष्यभराची तळमळ होती. ग्रंथालयांच्या कामात त्यांचे मन का रमले असेल, याचे उत्तर मला तरी येथेच सापडते.

आता मूळ विषयाकडे वळू. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्याने प्रौढ साक्षरतेची मोहीम हाती घेतली. साक्षर झालेल्या माणसाला पुढे वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे तो वर्ष-दोन वर्षांत विसरून जातो. म्हणून साक्षरतेच्या पाठोपाठ ग्रंथालयाचा प्रश्न उभा राहिला. १९३९ साली सरकारने ग्रंथालयांच्या विकासासाठी एक समिती नेमली व तिचे अध्यक्षपद फैजीसाहेबांकडे सोपवले.

त्या वेळची परिस्थिती आपण डोळ्यांपुढे आणा. आपल्या भागात वाचनालये नव्हती असे मुळीच नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय तर १८२८ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. ही सारी लोकांनी पदरमोड करून उभी केलेली. कोणी जागा दिली, कोणी आपली पुस्तके दिली, कोणी संध्याकाळी दोन तास विनावेतन बसून देवघेव सांभाळली. पण बहुतेक ठिकाणी अनामत व मासिक वर्गणी भरणाऱ्यालाच पुस्तक घरी नेता येई. मजुराला, कोळ्याला, गरीब शेतकऱ्याच्या मुलाला ती झेपत नसे. आणि मोठ्या गावाबाहेर पाऊल टाकले की वाचनालयच नसे.

समितीचा अहवाल १९४० साली पूर्ण झाला. त्यात सहा पायऱ्यांची योजना होती. सर्वांत वर मुंबईस एक मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली पुणे, अहमदाबाद व धारवाड येथे तीन विभागीय ग्रंथालये, मग जिल्हा ग्रंथालये, तालुका ग्रंथालये, पेट्याची ग्रंथालये आणि शेवटी गावची वाचनालये. वरच्या पायरीने खालच्या पायरीस आधार द्यावा, अशी ही उतरंड होती. योजनेतील शहाणपण असे की, जेथे लोकांनी चालवलेले चांगले वाचनालय आहे तेथे सरकारने दुसरे काढू नये. आहे त्यालाच मान्यता द्यावी, अनुदान द्यावे आणि त्याची दारे सर्वांना खुली करून घ्यावीत. ज्यांनी वर्षानुवर्षे झीज सोसली त्या कार्यकर्त्यांच्या हातीच कारभार राहावा आणि पैशांची विवंचना मात्र कमी व्हावी, असा हा मेळ होता. केंब्रिजची भव्य ग्रंथालये पाहिलेला हा विद्वान खेड्यातल्या एका कपाटाच्या वाचनालयाला कमी लेखीत नव्हता, हे आपण लक्षात घ्यावे.

परंतु अहवाल हाती येईपर्यंत काळ पालटला होता. महायुद्ध सुरू झाले होते आणि १९३९ अखेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. पैशांच्या अडचणीमुळे योजना बाजूस पडली. तरी केलेले काम वाया गेले नाही. १९४६ साली खेर पुन्हा अधिकारावर आले आणि त्यानंतर योजनेतील वरच्या पायऱ्या एकामागून एक उभ्या राहू लागल्या. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने, मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले. लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता व अनुदान मिळू लागले. पुढे १९५६ मध्ये धारवाड म्हैसूर राज्यात गेले व १९६० मध्ये अहमदाबाद गुजरातेत. पण महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हा अनुदान देऊन लोकांच्या वाचनालयांना बळ देण्याचीच वाट धरली. १९४८ च्या मद्रासच्या कायद्याप्रमाणे येथे ग्रंथालयकर बसवला नाही. आज अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडणारी हजारो वाचनालये परिरक्षण अनुदान घेतात. त्यांतील बहुसंख्य लहान आहेत.

फैजीसाहेब पुढे १९४९ मध्ये इजिप्तमध्ये भारताचे राजदूत झाले, केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य झाले आणि जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुस्लिम कायद्यावरील त्यांचे १९४९ चे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी अभ्यासत आले. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. धर्म व कायद्यासंबंधीची त्यांची काही मते अनेक उलेमांना मान्य नव्हती आणि आजही सर्वांना मान्य होणार नाहीत. पण ग्रंथ सर्वांना खुला असावा याबाबत त्यांच्याशी कोणाचा मतभेद होण्याचे कारण नाही. १९८१ साली ते अल्लाहला प्यारे झाले.

पालकहो, आपण मुलांच्या शिकवणीवर पैसे खर्च करता, ते करावेतच. पण महिन्यातून एकदा तरी मुलाचा किंवा मुलीचा हात धरून गावच्या वाचनालयात जा. मुलींना तेथे संकोच वाटत असेल तर आईने सोबत जावे. आपल्या मोहल्ल्यातील उर्दू वाचनालय उघडते केव्हा, बंद होते केव्हा, तेथे कोण बसते, त्याला मानधन किती मिळते, याची एकदा चौकशी करा. अनुदान वेळेवर न आल्यास वीजबिल कोण भरतो, हेही विचारा. वाचकच नसतील तर सरकारी अनुदान वाचनालयाला तारू शकत नाही. दाखल नोंदवहीत पुस्तके असतात, पण देवघेवीची पाने कोरी राहतात, आणि मग एक दिवस त्या जागेत दुकान लागते.

विद्यार्थी मित्रांनो, आपणही वर्गणीदार व्हा. सुट्टीत दोन तास जाऊन कपाटे लावा, फाटकी पुस्तके चिकटवा, ग्रंथपालांना नोंदी करू लागा. वाचून झालेली क्रमिक पुस्तके रद्दीत न घालता तेथे द्या. पुढच्या वर्षी एखादे गरीब मूल त्यांवर परीक्षेला बसेल. पोथ्यांचा अमोल संग्रह देऊन टाकणाऱ्या मरहूम फैजीसाहेबांची याद जागवण्याचा याहून चांगला मार्ग कोणता असणार? या वर्षी निदान एक पुस्तक आणि आठवड्याचे दोन तास आपल्या वाचनालयाला द्याच, ही आपणा सर्वांना नम्र विनंती.