बार्बरा जॉन्स : अकरावीतला संप

बस चुकली, तिथून ही गोष्ट सुरू होते. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिथल्या एका शेतकरी घरातली थोरली मुलगी बार्बरा. आई नोकरीसाठी वॉशिंग्टनला असायची, त्यामुळे धाकट्या भावंडांची तयारी करून त्यांना शाळेच्या बसपर्यंत पोचवायचं काम हिच्याकडे. एका सकाळी या धावपळीत तिचा स्वतःचा डबा घरीच राहिला. तो आणायला ती परत पळाली आणि बस गेली. मग रस्त्याच्या कडेला उभी असताना दुसरी बस आली, निम्मी रिकामी. ती थांबली नाही. थांबणारही नव्हती, कारण ती गोऱ्या मुलांच्या शाळेची बस होती.

बार्बराचा जन्म 1935चा. तिची शाळा फार्मविल गावातलं रॉबर्ट मोटन हायस्कूल, फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी. इमारत 1939मध्ये बांधली ती सुमारे 180 मुलांसाठी. 1951पर्यंत मुलं झाली साडेचारशेच्या वर. काउंटीने यावर उपाय काय काढला? आवारात लाकडी शेड उभ्या केल्या, वरून डांबरी कागद ठोकला. पाऊस आला की छत गळायचं. थंडीत शेगडीजवळ बसलेली मुलं भाजून निघायची आणि लांबची कोट घालून कुडकुडायची. इतिहास शिकवणारे सरच सकाळी बस चालवायचे आणि वर्गात येऊन शेगडी पेटवायचे. बससुद्धा गोऱ्या शाळेने वापरून टाकलेली. प्रयोगशाळा नाही, व्यायामशाळा नाही, जेवायला जागा नाही. जवळच्याच गोऱ्यांच्या शाळेत हे सगळं होतं.

पालक काउंटीच्या शाळा मंडळाकडे अर्ज करत होते, मंडळ पुढची तारीख देत होतं. ही पद्धत ओळखीची वाटली तर नवल नाही. बार्बराने तक्रार केली ती तिच्या संगीताच्या बाईंजवळ. मग तुम्हीच काहीतरी करा ना, अशा अर्थाचं बाई बोलल्या. बार्बराला आधी वाटलं, बाईंनी विषय टाळला. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. ती एकटीच रानात जाऊन विचार करायची, प्रार्थना करायची.

या चळवळीची तयारी मला तिच्या भाषणापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. बार्बराने आधी गर्दी जमवली नाही. मुलांचा ज्यांच्यावर विश्वास होता अशा निवडक चारपाच जणांना तिने मैदानाच्या बाकांवर गाठलं. त्यांत विद्यार्थी प्रतिनिधीही होते. कित्येक महिने गुपित फुटलं नाही. घरी पत्ता नाही, शिक्षकांना कळवायचं नाही, कारण कळलं तर त्यांच्या नोकऱ्या जातील. बार्बराच्या सख्ख्या धाकट्या बहिणीलाही माहीत नव्हतं, आणि ती त्याच शाळेत होती!

23 एप्रिल 1951. मुख्याध्यापक जोन्स यांना फोन आला की आपली मुलं बसस्टँडवर आहेत, पोलीस पकडणार आहेत. खोटा फोन. ते घाईने निघून गेले. मग वर्गावर्गात चिठ्ठ्या गेल्या, ताबडतोब हॉलमध्ये जमा, खाली सही ‘जे’. मुख्याध्यापकांच्या आडनावाचं आद्याक्षर तेच आणि बार्बराच्याही. (म्हणजे सही अगदीच खोटी म्हणता येणार नाही, असं आपलं मला वाटतं.) पडदा सरकला तेव्हा मंचावर मुख्याध्यापक नव्हते, अकरावीतली सोळा वर्षांची मुलगी उभी होती. तिने आधी शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली, पायातला बूट काढून बाकावर आपटला आणि बोलायला लागली. अटकेची भीती बाळगू नका, फार्मविलचा तुरुंग आपल्या सगळ्यांना पुरणार नाही, हा तिचा मुद्दा मुलांना पटला. धाकटी बहीण खुर्चीत खाली खाली सरकत होती. साडेचारशे मुलं बाहेर पडली.

आपल्याकडे बंद म्हटलं की आपण दुपारपर्यंत झोपतो. या मुलांनी त्याच दिवशी रिचमंडच्या वकिलांना पत्र पाठवलं. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील दोन दिवसांनी आले, ते खरं तर मुलांना समजावून परत वर्गात पाठवायला. भेट झाली पास्टर ग्रिफिन यांच्या बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात. मीटिंगसाठी फादरांकडे हॉलची किल्ली मागितलेल्यांना ग्रिफिन यांची किंमत कळेल. मुलांना बघून वकिलांचं मत बदललं, पण त्यांनी अट घातली. नव्या इमारतीसाठी खटला लढणार नाही, वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायची असेल तर लढू, आणि आईवडिलांची संमती हवी. मुलांनी मागितली होती फक्त धड शाळा. आता मागणी फार मोठी झाली होती.

3 मेच्या सभेत एका माजी मुख्याध्यापकांनी याला विरोध केला. बार्बरा उठली आणि त्यांना भर चर्चमध्ये फार कडक बोलली. वडीलधाऱ्या माणसाला असं बोलणं आपल्या घरांत चालत नाही, तिच्याही घरात चालत नसणार. पण पालक खटल्याला तयार झाले. दोन आठवड्यांनी संप संपला आणि 23 मे रोजी 117 मुलांच्या वतीने खटला दाखल झाला. तो ओळखला गेला डोरोथी डेव्हिस या चौदा वर्षांच्या मुलीच्या नावाने, कारण यादीत तिचं नाव पहिलं होतं.

शाळेच्या आवारात क्रॉस जाळला गेला. गळ्यात क्रॉस घालून हे वाचताना मला थांबावं लागलं. त्या भागात जळता क्रॉस म्हणजे जिवाची धमकी. आईवडिलांनी बार्बराला अलाबामातल्या माँटगोमेरीला काकांकडे पाठवलं. काका व्हर्नन जॉन्स तिथल्या चर्चचे पास्टर होते. त्यांच्यानंतर तिथे मार्टिन ल्यूथर किंग आले. बारावी बार्बराने तिथेच केली. आंदोलनातलं तिचं प्रत्यक्ष काम एवढंच, काही आठवड्यांचं.

किंमत इतरांनीही मोजली. मुख्याध्यापक जोन्स यांना पुन्हा नेमलं नाही, आणि त्यांना तर फसवून बाहेर काढलेलं होतं. खटला सर्वोच्च न्यायालयात ‘ब्राउन’ खटल्यात मिळाला. त्यातल्या पाच खटल्यांपैकी मुलांच्या संपातून उभा राहिलेला हा एकच. 17 मे 1954 रोजी वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. पण प्रिन्स एडवर्ड काउंटीने काय केलं? एकत्र शिकवायला लागू नये म्हणून 1959मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलं कुणी नातेवाइकांकडे लांब गेली, कुणी चर्चच्या तळघरात जमेल तेवढं शिकली, कित्येकांचं शिक्षण कायमचं सुटलं. पाच वर्षं! 1964मध्ये न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या. त्या खटल्यावर नाव होतं पास्टर ग्रिफिन यांच्या कुटुंबाचं.

संप केला नसता तर ती मुलं शाळेत राहिली असती, त्या गळक्या शेडमध्ये. हा हिशोब मी बरेचदा करून बघितला. दर वेळी उत्तर वेगळं येतं. 1959ला सहा वर्षांचं असलेल्या पोराला तर कुणी काही विचारलंच नव्हतं.

बार्बरा तोवर फिलाडेल्फियात होती. स्पेलमन कॉलेज अर्धवट सोडून तिने लग्न केलं, पाच मुलं झाली, पुढे पदवी पूर्ण केली ती थेट 1979मध्ये. तिथल्या शाळांत तिने वर्षानुवर्षं ग्रंथपाल म्हणून काम केलं. 1991मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, कॅन्सरने ती गेली. अमेरिकी संसदभवनात व्हर्जिनियाच्या वतीने सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा होता, तो 2020च्या डिसेंबरमध्ये काढला. त्या जागी राज्याने बार्बराची निवड केली.

मोटन शाळेचं आता संग्रहालय झालंय.