फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिव्याची देवी आणि तिची मांजरे



१२ मे हा जागतिक परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणारी बाई, एवढी त्यांची ओळख आपण मुलांना करून देतो आणि पाठ संपवतो. पण त्या युद्धावरून परत आल्या तेव्हा फक्त ३६ वर्षांच्या होत्या, आणि गेल्या ९० व्या वर्षी. मधली ५४ वर्षे त्यांनी काय केलं? त्यातली कितीतरी वर्षे त्या स्वतःच आजारी होत्या. त्या काळात त्यांच्या अंथरुणाजवळ कायम कोण असायचं, तर मांजरं! आज त्याबद्दल लिहिते आहे. त्याला एक कारण आहे, ते शेवटी सांगते.

बालपण

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. गावाचंच नाव मुलीला ठेवलं. घर इंग्लंडमधलं, खूप श्रीमंत. वडील विल्यम यांनी दोन्ही मुलींना घरीच भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवलं. फ्लॉरेन्सला गणिताची फार गोडी होती.

लहानपणापासून तिला मुक्या जनावरांचा लळा होता. एका मेंढपाळाच्या कुत्र्याचा पाय मुलांनी दगड मारून जखमी केला होता. कुत्रा आता कामाचा राहिला नाही, म्हणून मेंढपाळ त्याला मारून टाकणार होता. फ्लॉरेन्सने पाय तपासायला लावला, गरम पाण्याच्या फडक्याने शेक दिला आणि कुत्रा बरा झाला. कॅप त्याचं नाव. तिचा पहिला रुग्ण हाच, असं सांगतात.

खिशातलं घुबड

१८५० साली फ्लॉरेन्स ग्रीसला गेल्या होत्या. अथेन्समध्ये घरट्यातून पडलेल्या घुबडाच्या एका पिल्लाला काही मुलं त्रास देत होती. त्यांनी ते सोडवून घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं अथीना. हे छोटंसं घुबड त्यांच्या खिशात बसून फिरायचं. आपल्याकडे घुबड म्हटलं की लोक अशुभ मानतात, पण ग्रीक लोकांत ते ज्ञानदेवतेचं प्रतीक. मुलांना हा फरक जरूर सांगावा.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धावर निघायची धावपळ सुरू झाली. घरातले सगळे तयारीत गुंतले आणि अथीनाकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. त्यात ती मेली. एवढ्या धीराची बाई, पण त्या दिवशी रडली. अथीनाचं जतन केलेलं शरीर आजही लंडनच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल संग्रहालयात ठेवलेलं आहे.

युद्ध आणि आजारपण

नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. तिथे जखमांपेक्षा जास्त सैनिक घाण, कॉलरा, विषमज्वर आणि हगवणीने मरत होते. ही गोष्ट आपल्या पाठात असतेच, म्हणून लांबवत नाही.

मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हा येथे त्यांना स्वतःलाच जबरदस्त ताप आला. त्या मरता मरता वाचल्या. हा आजार ब्रुसेलोसिस असावा, असं आज अनेक अभ्यासक मानतात. न तापवलेल्या दुधातून पसरणारा हा आजार लवकर पाठ सोडत नाही. ताप, पाठदुखी, धडधड, थकवा आणि त्याबरोबर येणारी मनाची उदासी. १८५६ मध्ये त्या इंग्लंडला परतल्या आणि पुढच्याच वर्षापासून त्यांनी अंथरूण धरलं. वय ३७.

पण काम थांबवलं नाही. आजारातच त्यांनी सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे रंगीत आकृत्यांत मांडले, पुस्तकं लिहिली. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा सुरू झाली. आपला देश त्यांनी कधी पाहिला नाही, तरी भारतातलं पाणी, गटारं आणि दुष्काळ यावर त्या अनेक वर्षे लिहीत राहिल्या. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

मनाची स्थिती मात्र कठीण होती. १८६१ साली त्यांचे सगळ्यात जवळचे सहकारी सिडनी हर्बर्ट वारले, त्याच वर्षी मित्र आर्थर क्लफ वारले. माणसांच्या भेटीने त्या थकून जायच्या. भेटायला येणाऱ्याला आधी वेळ घ्यावी लागायची आणि एका वेळी एकच माणूस आत. आई आणि बहीण यांनाही कितीतरी वेळा भेट नाकारली जायची.

मांजरांना मात्र दार उघडं

१८६५ पासून त्या लंडनच्या साउथ स्ट्रीटवरच्या घरात राहू लागल्या. तिथल्या खोलीत कोणालाही न विचारता येण्याजाण्याची परवानगी फक्त मांजरांना होती. आयुष्यभरात त्यांनी सुमारे ६० मांजरं पाळली असं सांगतात. बरीचशी लांब केसांची पर्शियन. त्यांची नावं वाचून मुलं हसतील. बिस्मार्क, डिझरायली, ग्लॅडस्टन! म्हणजे त्या काळच्या मोठमोठ्या राजकारण्यांची नावं. पांढरा बिस्मार्क बाईंचा फार लाडका.

मांजरांचं जेवण बाईंच्याच खोलीत, चिनी मातीच्या ताटल्यांतून व्हायचं. एखादं पिल्लू दुसऱ्या कोणाला द्यायचं झालं, तर त्याला काय खायला घालायचं, कसं सांभाळायचं याच्या सूचना बरोबर लिहून जायच्या. इस्पितळाला सूचना पाठवाव्यात तशाच! आणि लिहिताना मांजरं टेबलावर, कागदांवर फिरायची. शाईत पाय बुडायचे. त्यांच्या जपून ठेवलेल्या काही पत्रांवर मांजराच्या पंजांचे ठसे आजही दिसतात.

त्यांना काय समजलं होतं?

नर्सिंगवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक १८५९-६० च्या सुमारास आलं. हवा, उजेड, स्वच्छता, आहार हे सगळं त्यात आहेच. पण त्यात त्यांनी असंही लिहिलं आहे की दीर्घकाळ आजारी असणाऱ्या माणसाला एखादा लहान पाळीव प्राणी फार चांगली सोबत करतो. वर्षानुवर्षे एकाच खोलीत, त्याच चार भिंती बघत पडलेल्या माणसाला कधी कधी पिंजऱ्यातला पक्षी एवढाच काय तो आनंद असतो. आणि रुग्णाला जमत असेल तर त्या प्राण्याला खाऊ घालणं, स्वच्छ करणं हे त्याच्याकडूनच करून घ्यावं.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आजारी माणसाचं सगळं दुसरे करतात. पाणी दुसरे देतात, कूस दुसरे बदलतात. आपण कोणाच्याच उपयोगाचे नाही, असं त्याला वाटायला लागतं. अशा वेळी एक तरी जीव त्याच्या हातून खातो, त्याची वाट बघतो. मांजर तर तब्येत कशी आहे हेही विचारत नाही. येतं, मांडीवर बसतं, घुरघुरतं आणि झोपतं.

आताच्या काळातही यावर अभ्यास झाले आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या अभ्यासात २४९ विद्यार्थी होते. ज्यांनी १० मिनिटं कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष कुरवाळलं, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, इतरांपेक्षा कमी आढळलं.

मांजरांनी फ्लॉरेन्सबाईंचा आजार बरा केला असं मात्र मी म्हणणार नाही. मांजर हे औषध नाही. पण आजार सोसत काम करत राहायला सोबत लागते, ती त्यांना मिळाली. उतारवयात त्यांची तब्येत आणि स्वभाव दोन्ही निवळले. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी साउथ स्ट्रीटच्या त्याच घरात त्यांचं निधन झालं.

माझी एक चूक

आता सुरुवातीला म्हटलेलं कारण. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाचा पाय मोडला होता. दीड महिना प्लास्टर. मी वह्या घेऊन घरी गेले, तर त्याच्या शेजारी चादरीवर त्यांची मनी झोपलेली. आईवडील दोघेही दिवसभर कामावर, घरात फक्त हा आणि मनी. वडील म्हणाले की मांजर पोत्यात घालून बाजाराच्या गावी सोडून येतो, तुम्हाला काय वाटतं? काही विचार न करता मी हो म्हटलं. केस पडतात, आजारी मुलाजवळ नकोच, असंही वर सांगितलं.

पुढच्या वेळी गेले तेव्हा वह्या तशाच होत्या. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता, माझ्याशी बोलला नाही. मनी काही परत आली नाही. नंतर फ्लॉरेन्सबाईंचं चरित्र वाचताना हाच मुलगा डोळ्यांसमोर आला. त्याला दमा नव्हता, अ‍ॅलर्जी नव्हती. मी एवढं तरी विचारायला हवं होतं.

पालकांसाठी थोडी काळजी

मांजर पाळायचंच असेल तर त्याला रेबीजची लस पशुवैद्यकाकडून द्यावी. ओरखडा किंवा चावा झाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवून लगेच डॉक्टरांकडे जावं. घरात दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. मांजराची घाण गरोदर बाईने काढू नये, ते काम घरातल्या दुसऱ्याने करावं. मुलांनी मांजराला हात लावल्यावर जेवणाआधी हात धुवावेत. हात धुण्याबद्दल तर फ्लॉरेन्सबाईही आग्रही होत्या!

वर्गात विचारण्यासाठी प्रश्न

१. फ्लॉरेन्सने कॅप कुत्र्यावर कोणता उपचार केला?
२. रुग्णाने प्राण्याला स्वतः खाऊ घालावं, असं त्यांना का वाटत असेल?
३. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी बरेच दिवस आजारी आहे का? त्यांच्याजवळ दिवसभर कोण असतं?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं मुलांकडून लिहून न घेता तोंडी ऐका. मुलं बरंच काही सांगतात.