कार्लो अबार्थ

कार्लो अबार्थ (जन्म: १५ नोव्हेंबर १९०८, व्हियेना, मृत्यू: २४ ऑक्टोबर १९७९, व्हियेना) हे ऑस्ट्रियात जन्मलेले इटालियन मोटारसायकल शर्यतपटू, मोटार संरचनाकार आणि उद्योजक होते. सामान्य वापराच्या छोट्या गाड्यांची शक्ती वाढवणारे सुटे भाग व परिवर्तन संच तयार करणाऱ्या 'अबार्थ अँड कंपनी' या संस्थेचे ते संस्थापक होत. त्यांच्या कारखान्यात बनलेले सायलेन्सर १९५० व १९६० च्या दशकांत अनेक देशांत विकले गेले. फियाट कंपनीच्या ६०० व ५०० या स्वस्त गाड्यांना शर्यतीच्या मैदानात मानाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. पिवळ्या-तांबड्या ढालीवरील काळा विंचू हे त्यांच्या कंपनीचे बोधचिन्ह होते.

प्रारंभिक जीवन

अबार्थ यांचे मूळ नाव कार्ल आल्बर्ट अबार्थ असे होते. त्यांचा जन्म ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याची राजधानी असलेल्या व्हियेना शहरात झाला. वडिलांकडून त्यांच्या घराण्याचा संबंध आल्प्स पर्वतातील मेरानो या गावाशी होता. पहिल्या महायुद्धानंतर हा प्रदेश इटलीकडे गेला. पुढे अबार्थ यांनी इटलीचे नागरिकत्व घेतले आणि 'कार्ल'चे 'कार्लो' केले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

तरुणपणीच त्यांना यंत्रांची ओढ लागली. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते व्हियेनातील मोटोर थुन या मोटारसायकल कंपनीत कारागीर म्हणून काम करत होते. तेथेच त्यांना शर्यतीत उतरण्याची संधी मिळाली आणि चालक म्हणून त्यांचे नाव झाले. स्वतःचे वाहन स्वतःच उघडून, त्यात फेरफार करून ते शर्यतीला नेण्याची सवय त्यांना याच काळात लागली.

शर्यती आणि अपघात

१९३० साली ऑस्ट्रियातील लिंत्स येथे झालेल्या अपघातात अबार्थ गंभीर जखमी झाले. त्यानंतर त्यांनी दुचाकीऐवजी साइडकार जोडलेल्या मोटारसायकलींकडे लक्ष वळवले. १९३४ मध्ये त्यांनी स्वतः तयार केलेल्या साइडकारसह व्हियेना आणि बेल्जियममधील ओस्टेंड या शहरांदरम्यानच्या सुमारे १,३०० किलोमीटरच्या मार्गावर 'ओरिएंट एक्सप्रेस' या प्रसिद्ध रेल्वेगाडीशी शर्यत लावून ती जिंकली. या घटनेला वृत्तपत्रांतून मोठी प्रसिद्धी मिळाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युगोस्लाव्हियात एका शर्यतीत त्यांना पुन्हा मोठा अपघात झाला. दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागल्याने चालक म्हणून त्यांची कारकीर्द संपुष्टात आली. युद्धाचा बहुतेक काळ त्यांनी लियुब्लियाना येथे काढला. युद्ध संपले तेव्हा ते छत्तिशी ओलांडत होते. शर्यतीचा व्यवसाय हातचा गेला होता आणि उपजीविकेसाठी नव्या देशात नवी सुरुवात करणे भाग होते.

सिसितालिया

युद्धानंतर अबार्थ मेरानो येथे स्थायिक झाले. त्यांच्या पहिल्या पत्नी, फर्डिनांड पोर्शे यांचे जावई आंटोन पिएख यांच्या कार्यालयात सचिव होत्या. त्यामुळे पोर्शे कुटुंबाशी त्यांचा परिचय होता. अबार्थ आणि अभियंता रुडॉल्फ ह्रुस्का यांनी पोर्शे संरचना कार्यालयाचे इटलीतील प्रतिनिधी म्हणून काम सुरू केले. तोरिनो येथील उद्योगपती पिएरो दुसिओ यांच्या सिसितालिया कंपनीसाठी पोर्शेकडून ग्रां प्री शर्यतीची गाडी तयार करून घेण्याचा करार याच दुव्यामुळे झाला. १२ सिलिंडरांचे दीड लिटरचे इंजिन आणि चारही चाकांना शक्ती पुरवणारी रचना यांमुळे 'टाइप ३६०' ही गाडी काळाच्या पुढे होती. मात्र तिच्या खर्चाने सिसितालियाचे कंबरडे मोडले. दुसिओ यांनी अर्जेंटिनाची वाट धरली आणि ही गाडी ग्रां प्री शर्यतीत कधी उतरलीच नाही.

सिसितालियात शर्यती विभागाचे प्रमुख असलेल्या अबार्थ यांना देण्याघेण्याच्या हिशेबात काही '२०४' क्रीडा गाड्या आणि सुटे भाग मिळाले. हेच त्यांच्या पुढील व्यवसायाचे भांडवल ठरले. शर्यतीचा वेडा खर्च मोठ्या कंपनीलाही कसा बुडवू शकतो, हे त्यांनी येथे जवळून पाहिले.

अबार्थ अँड कंपनीची स्थापना

३१ मार्च १९४९ रोजी बोलोन्या येथे आर्मांदो स्काल्यारिनी यांच्या आर्थिक पाठबळावर अबार्थ अँड कंपनीची स्थापना झाली. स्काल्यारिनी यांचे पुत्र ग्विदो हे शर्यतपटू होते. लवकरच कंपनीचा कारभार तोरिनो येथे हलवण्यात आला. पाश्चात्त्य राशीगणनेनुसार अबार्थ यांची रास वृश्चिक असल्याने विंचू हे बोधचिन्ह निवडले गेले.

१० एप्रिल १९५० रोजी सिसिलीतील पालेर्मो-मोंते पेल्लेग्रिनो या घाटातील शर्यतीत तात्सिओ नुव्होलारी यांनी 'अबार्थ २०४ ए' गाडी चालवून आपल्या गटात विजय मिळवला. इटलीच्या या थोर चालकाची ती शेवटची शर्यत ठरली. नव्या कंपनीला त्यामुळे नावलौकिक मिळाला, परंतु केवळ शर्यतींवर कंपनी चालणे शक्य नव्हते. नियमित उत्पन्नासाठी अबार्थ यांनी सर्वसामान्य वाहनमालकांना विकता येतील अशा सुट्या भागांकडे लक्ष दिले. फियाट तोपोलिनो गाडीचा गिअरचा दांडा जमिनीवरून स्टिअरिंगजवळ आणणारा संच हे त्यांच्या आरंभीच्या उत्पादनांपैकी एक होते.

सायलेन्सरचा व्यवसाय

कंपनीला खरे स्थैर्य दिले ते सायलेन्सरने. इंजिन हे एका अर्थाने हवेचा पंपच असते. ते जितकी हवा आत घेईल आणि जळालेला वायू जितक्या सहज बाहेर टाकेल, तितकी त्याची शक्ती वाढते. त्या काळातील स्वस्त गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये आवाज दाबण्यासाठी वायूला अनेक वळणे घ्यावी लागत. वायू अडल्याने उलट दाब निर्माण होई व इंजिनाची काही शक्ती वाया जाई. अबार्थ सायलेन्सरमध्ये वायूला सरळ वाट देणारी छिद्रांची नळी असे आणि तिच्याभोवती आवाज शोषून घेणारे तंतुमय द्रव्य भरलेले असे. त्यामुळे वायूचा प्रवाह मोकळा होई आणि आवाजही भारदस्त येई.

काळा रंग आणि क्रोमचा मुलामा दिलेली टोके हे या सायलेन्सरचे दृश्य वैशिष्ट्य होते. मूळ भाग काढून त्याच जागी तो बसवता येत असल्यामुळे गाडीच्या रचनेत फेरबदल करावा लागत नसे. एका सायलेन्सरमुळे वाढणारी शक्ती माफकच असे, पण वेगवान गाडी विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते त्यांना आपली साधी गाडी थोडी वेगळी करण्याचा हा आवाक्यातील मार्ग होता. १९६२ मध्ये कंपनीने सुमारे २,५७,००० सायलेन्सर तयार केले व त्यांपैकी सुमारे ६५ टक्के निर्यात झाले.

फियाट ६०० आणि ५००

१९५५ मध्ये फियाटने '६००' ही मागील बाजूस इंजिन असलेली छोटी गाडी बाजारात आणली. युद्धोत्तर इटलीतील हजारो कुटुंबांची ती पहिली मोटार होती. तिच्या ६३३ घन सेंमी इंजिनाची शक्ती २० अश्वशक्तीच्या आसपास होती. अबार्थ यांनी सिलिंडरचा व्यास ६० वरून ६१ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ५६ वरून ६४ मिलिमीटर करून इंजिनाची धारकता ७४७ घन सेंमीपर्यंत नेली. नवा क्रँकशाफ्ट, वेगळा कॅमशाफ्ट, मोठा कार्ब्युरेटर व स्वतःचा सायलेन्सर यांच्या साहाय्याने शक्ती जवळजवळ दुप्पट झाली. १९५६ च्या या 'अबार्थ ७५०' पासून पुढे ८५० टीसी व १००० टीसी या गाड्या विकसित झाल्या. झागातो या बांधणीकारांनी ७५० च्या सांगाड्यावर चढवलेले, छतावर दोन फुगवटे असलेले हलके कवच विशेष गाजले.

परिवर्तन संच लाकडी पेटीतून विकले जात. त्यामुळे दूरच्या गावातील गॅरेजमध्येही गाडीचे रूपांतर करणे शक्य होई. इंजिनाचा एकच भाग बदलून फारसे साधत नाही, आत येणारी हवा, इंधन, ज्वलन आणि बाहेर जाणारा वायू यांचा मेळ बसावा लागतो, हे तत्त्व या संचांमागे होते. शक्तीबरोबर उष्णताही वाढते. म्हणूनच १००० टीसीमध्ये पाणी थंड करणारा रेडिएटर पुढच्या बंपरजवळ आणला गेला, तर मागील इंजिनाचे झाकण उघडे ठेवले जाई. या उघड्या झाकणामुळे वेगात गाडीच्या मागील हवेचा प्रवाहही सुधारत असे. पुढे ते अबार्थ गाड्यांची ओळखच बनले.

१९५७ मध्ये आलेली फियाट ५०० सुरुवातीला शक्तीच्या अभावामुळे ग्राहकांना फारशी रुचली नाही. अबार्थ यांनी तिच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनाची शक्ती १३ वरून २६ अश्वशक्तीपर्यंत वाढवली. फेब्रुवारी १९५८ मध्ये मोंझा येथील धावपट्टीवर ही गाडी सलग सात दिवस व सात रात्री, म्हणजे १६८ तास, चालवण्यात आली. तिने १८,१८६ किलोमीटर अंतर ताशी सरासरी १०८.२५२ किलोमीटर वेगाने कापले व सहा आंतरराष्ट्रीय विक्रम नोंदवले. या प्रयोगाने केवळ वेग नव्हे, तर छोट्या इंजिनाची तग धरण्याची क्षमताही सिद्ध केली. त्यानंतर फियाटने अबार्थ यांच्याशी करार करून प्रत्येक विजय व विक्रमासाठी ठरावीक मोबदला देण्यास सुरुवात केली. १९६३ मधील '५९५' आणि १९६४ मधील '६९५' या गाड्या ५०० वरच आधारित होत्या.

इतर कंपन्यांबरोबरचे काम

१९६० मध्ये पोर्शेसाठी अबार्थ यांनी '३५६ बी कॅरेरा जीटीएल' या गाडीची हलकी आवृत्ती तयार करून दिली. तिच्या कवचाची आखणी फ्रांको स्काल्योने यांनी केली होती. त्याच वर्षी या गाडीने ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात विजय मिळवला. फ्रान्समधील सिम्का कंपनीच्या सहकार्याने 'अबार्थ सिम्का १३००' ही गाडी बनली. अमेरिकेत अबार्थ गाड्यांच्या वितरणात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पुत्र फ्रँकलिन रूझवेल्ट ज्युनियर यांचा सहभाग होता.

१९६५ चा विक्रम

अबार्थ स्वतः पुन्हा शर्यतीच्या गाडीत बसले ते वयाच्या ५६ व्या वर्षी. २० ऑक्टोबर १९६५ रोजी मोंझा येथे त्यांनी एकासनी गाडी चालवून थांबलेल्या स्थितीतून पाव मैल व ५०० मीटर अंतर कापण्याचे त्या गटातील विक्रम मोडले. हा त्यांच्या कंपनीचा शंभरावा विक्रम म्हणून नोंदला गेला. गाडीची बैठक इतकी अरुंद होती की तीत मावण्यासाठी त्यांनी आधी सुमारे ३० किलो वजन घटवले होते. त्यासाठी त्यांनी मुख्यतः सफरचंदांचा आहार घेतला. अपघातामुळे पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी सुटलेले चालकाचे आसन त्यांनी अशा रीतीने पुन्हा मिळवले.

कंपनीची विक्री आणि अखेरची वर्षे

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अबार्थ यांनी अधिक मोठ्या इंजिनांच्या खास शर्यती गाड्या बांधण्यास सुरुवात केली. या गाड्यांचा खर्च सायलेन्सर व संचांच्या विक्रीतून भागवणे दिवसेंदिवस अवघड झाले. सिसितालियाला ज्या मोहाने बुडवले, त्याच वळणावर त्यांची कंपनी येऊन ठेपली होती. १९६९ मध्ये फियाटने लान्चिया कंपनी विकत घेतली आणि फेरारीचा निम्मा हिस्साही मिळवला. १९७१ मध्ये अबार्थ यांनी आपली कंपनी फियाटला विकली. शर्यतीच्या गाड्यांचे काम एन्झो ओसेल्ला यांच्याकडे गेले, तर अबार्थ विभागाने फियाटसाठी रॅलीच्या गाड्या तयार करण्याकडे मोर्चा वळवला. 'फियाट १३१ अबार्थ' गाडीने १९७७, १९७८ व १९८० साली उत्पादकांसाठीचे जागतिक रॅली विजेतेपद पटकावले. यांतील पहिली दोन विजेतेपदे अबार्थ यांच्या हयातीतील होती.

अखेरच्या काळात ते जन्मगावी, व्हियेना येथे परतले. २४ ऑक्टोबर १९७९ रोजी, एकाहत्तरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, तेथेच त्यांचे निधन झाले.

वारसा

नेहमीच्या वापरातील गाडीत बाजारात मिळणारे भाग बसवून तिची क्षमता वाढवण्याच्या व्यवसायाला युरोपात संघटित रूप देणाऱ्यांत अबार्थ यांची गणना होते. आजचे खुल्या प्रवाहाचे एअर फिल्टर, सायलेन्सर आणि इंजिन संच यांमागे इंजिनाचा श्वास मोकळा करण्याचे तेच तत्त्व आहे.

फियाटने २००७ मध्ये अबार्थ हे नाव स्वतंत्र कंपनीच्या रूपाने पुन्हा सुरू केले. २०१५ मध्ये या नावाच्या गाड्या भारतातही आल्या. 'अबार्थ ५९५' आयात केली जात असे, तर १४५ अश्वशक्तीची 'अबार्थ पुंतो' पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील कारखान्यात तयार होत असे. त्यामुळे विंचवाची ही ढाल काही काळ महाराष्ट्रात बनलेल्या गाडीवरही झळकली.